हातावरची काळी फुली : तीन वर्षं टिकलेल्या मायनर थ्रेट या बँडचं चाळीस वर्षांनंतरही काय उरलंय?

गेल्या जुलैत सकाळी सातलाच ताईचा फोन आला. तिचा मुलगा पुण्यात शिकतो. आदल्या रात्री तो मित्रांबरोबर कुठल्यातरी बँडच्या कार्यक्रमाला गेला होता, आणि सकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोत त्याच्या दोन्ही हातांच्या पाठीवर काळ्या मार्करनं काढलेल्या ठसठशीत फुल्या दिसत होत्या. "अरे, हा कुठल्या पंथाबिंथात गेला नाही ना?" तिचा आवाज खरंच घाबरलेला होता. मी म्हटलं, "ताई, ती फुली दारू न पिणाऱ्या मुलांची आहे." त्यानं तिचं समाधान झालं नाही. दारू पीत नाही हे चांगलंच, पण मग ते हातावर लिहून कशाला फिरायचं? आणि दारू नको म्हणणाऱ्यांनी असल्या आरडाओरड्याच्या ठिकाणी जायचंच कशाला?

प्रश्न रास्त आहेत. फोनवर मला ते नीट उलगडून सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. गोष्ट सुरू होते १९८० साली अमेरिकेच्या राजधानीत, शाळा नुकती सुटलेल्या पोरांपासून. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे काढलेल्या बँडचं नाव मायनर थ्रेट. इंग्रजीत मायनर म्हणजे किरकोळ आणि मायनर म्हणजे अल्पवयीनही. किरकोळ धोका, किंवा अल्पवयीनांपासून असलेला धोका, दोन्ही अर्थ त्या नावात बसतात. जेमतेम तीन वर्षं हा बँड टिकला. त्यांची सव्वीस गाणी १९८९ साली एकाच सीडीवर आली, आणि ती सीडी पाऊण तासात ऐकून संपते. मी ती पहिल्यांदा ऐकली ती एका मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर, कॉलेजात असताना. तेव्हापासून हे लोक माझ्या मनातून गेलेले नाहीत.

आधी पंक, मग हार्डकोर

पंक हा रॉक संगीताचाच एक फाटा. १९७०च्या दशकाच्या मध्यावर रॉकचे मोठे बँड फार दूर गेले होते. प्रचंड स्टेडियम, दहा-दहा मिनिटांची गाणी, विमानानं फिरणारे कलाकार. न्यूयॉर्कमध्ये रामोन्स आणि लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स यांनी त्याला उलटं उत्तर दिलं: तीन स्वरमेळ, दोन-अडीच मिनिटं, साधे कपडे, आणि जे म्हणायचं ते तोंडावर. रामोन्सची पहिली रेकॉर्ड १९७६ची. पण चारपाच वर्षांत कंपन्यांनी याचंही गुळगुळीत रूप बाजारात आणलं. तेव्हा अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांतल्या आणि उपनगरांतल्या, वयानं अजून लहान असलेल्या मुलांनी पंक आणखी वेगवान, आणखी आटोपशीर आणि आणखी कडक केलं. त्याला नाव पडलं हार्डकोर. लॉस एंजलिसच्या बाजूला ब्लॅक फ्लॅग, सॅन फ्रान्सिस्कोत डेड केनेडीज, आणि वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांच्या आधी बॅड ब्रेन्स.

आता ताईचा पहिला आक्षेप: "हा नुसता गोंगाट आहे."

सा, प आणि फाटलेला आवाज

ताई पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकलीय, म्हणून तिच्याच भाषेत सांगतो. या संगीतात गिटारवर बहुतेक वेळ जे वाजतं त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ती म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. तानपुऱ्यात जे दोन सूर लावतो तेच. त्यात गंधार नसतो, म्हणून तो स्वरमेळ आनंदी की दुःखी हे ठरत नाही. तो फक्त भक्कम उभा राहतो.

गंधार गाळण्यामागे तांत्रिक कारणही आहे. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. गणपतीच्या मांडवात कर्णा शेवटपर्यंत वाढवला की जसा खरखरतो, तसा. रॉकमध्ये ही खरखर मुद्दाम, मोजून वापरतात. अशा फाटलेल्या आवाजात तीन-चार सूर एकत्र वाजवले तर चिखल होतो, पण सा आणि प एकमेकांशी इतके जुळलेले असतात की फाटूनही स्वच्छ ऐकू येतात.

त्याखाली ठेका. पायाचा मोठा ड्रम आणि हाताचा छोटा ड्रम एकाआड एक, श्वास न घेता. सतारवादक मैफलीच्या शेवटी 'झाला' या अतिद्रुत भागावर जिथे येतो, तिथून हे लोक सुरुवात करतात. आलाप नाही, विलंबित नाही. ज्या गाण्यावरून ती फुली जगभर गेली ते 'स्ट्रेट एज' फक्त सेहेचाळीस सेकंदांचं आहे.

एवढ्या वेगात चौघं एकत्र थांबणं आणि एकत्र सुटणं ही सोपी गोष्ट नाही. हे वॉशिंग्टनच्या पोरांना शिकवलं बॅड ब्रेन्सनं. ते चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ-फ्यूजन वाजवायचे, त्यामुळे हात कमालीचे तयार होते. त्यांनी पंक घेतलं आणि असं वाजवलं की आजही त्या वेगाला तेवढी सफाई फार थोड्यांना साधते. मायनर थ्रेटच्या पोरांनी हे समोर उभं राहून पाहिलं होतं. म्हणून त्यांची गाणी ऐकताना गोंगाट वाटला तरी एकदा फक्त ड्रमकडे कान द्यावा आणि एकदा फक्त गिटारकडे. कुठेही सैल धागा सापडत नाही.

आणि एक गोष्ट ताईला नक्की आवडेल. गायक माइक समोरच्या गर्दीत खुपसतो आणि पुढची ओळ पोरं म्हणतात. भजनात बुवांनी ओळ टाकली की टाळकरी झेलतात, तेच हे. कलाकार वर आणि श्रोते खाली, असं इथे उरत नाही. बऱ्याचदा स्टेजच नसतं.

फुली नेमकी आली कुठून

वॉशिंग्टन हे सरकारी शहर. मंत्रालयं, कचेऱ्या, वर्तमानपत्रं. इअन मकाय या मुलाचे वडील पत्रकार होते. तो स्केटबोर्ड घेऊन हिंडणारा मुलगा. फेब्रुवारी १९७९मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात त्यानं क्रॅम्प्स या बँडचा कार्यक्रम पाहिला. विद्यापीठानं बंद केलेल्या एका रेडिओ केंद्रासाठी मदत म्हणून तो कार्यक्रम होता. तिथून तो बदलला. शाळेतला मित्र जेफ नेल्सन ड्रमवर, स्वतः बेसवर, आणखी दोघं जोडीला, असा टीन आयडल्स नावाचा बँड त्यांनी काढला.

१९८०च्या उन्हाळ्यात ही पोरं बसनं थेट कॅलिफोर्नियाला गेली. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये अडचण आली: ही अल्पवयीन मुलं, आणि क्लबमध्ये दारू मिळते. तिथल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं नाही. हातांवर काळ्या फुल्या मारल्या. बारमागच्या माणसाला खूण कळावी, याला दारू द्यायची नाही, एवढाच अर्थ.

पोरांनी ती कल्पना घरी आणली. वॉशिंग्टनच्या क्लबवाल्यांना ते म्हणाले, आम्हाला दारू नकोय, संगीत हवंय. हातावर फुली मारा आणि आत सोडा.

मला हा या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. फुली म्हणजे नकार, चूक, वर्ज्य. शाळेच्या वहीत बाई लाल पेननं मारतात ती. या मुलांनी तीच आत जाण्याचं तिकीट केली. आणि थोड्याच दिवसांत कायद्यानं ज्यांना प्यायला चालत होतं तेही स्वतःहून मार्कर घेऊन हातावर फुली काढायला लागले. दारावरच्या माणसानं मारलेली खूण ही स्वतःची निवड झाली.

सहाशे डॉलरचं काय करायचं

त्याच वर्षाच्या अखेरीला टीन आयडल्स फुटला. वर्षभराच्या कार्यक्रमांतून जमा झालेले सहाशेच्या आसपास डॉलर शिल्लक होते. चौघांत वाटून घेतले असते तर प्रत्येकाला दीडशे. त्याऐवजी त्यांनी ठरवलं, आपण काय केलं त्याची एक रेकॉर्ड काढून ठेवू. बँड संपला होता. विकून पुढे काही मिळवायचं नव्हतं.

त्या वेळी रेकॉर्ड काढणं म्हणजे कंपनीचं काम, अशी सगळ्यांची समजूत. ही पोरं बँड फुटण्याआधीच वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनला डॉन झिएंटारा नावाच्या गृहस्थांकडे गेली होती, ज्यांच्या घराच्या तळघरात इनर इअर नावाचा छोटा स्टुडिओ होता. तिथे गाणी भरून ठेवली होती. कव्हर कसं करायचं हे माहीत नव्हतं, म्हणून इंग्लंडमधल्या एका रेकॉर्डचं कव्हर कडेनं उसवलं, टेबलावर सपाट पसरलं आणि त्याचा आराखडा काढून घेतला. तसे कागद छापून आणले. मग घरी बसून कात्रीनं कापायचे, घडी घालायची, कडेला गोंद लावायचा, दाबायचं, पुढचा घ्यायचा. एक हजार प्रती. मुखपृष्ठावर एकमेकांवर ठेवलेले दोन हात, त्यांवर फुल्या. डिसेंबर १९८०मध्ये ती रेकॉर्ड निघाली, आणि तिच्यासाठी त्यांनी जी नावापुरती कंपनी काढली ती डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. इअन आणि जेफनं सुरू केलेली ती कंपनी अजून चालू आहे.

आपल्याकडे साठच्या दशकात प्रस्थापित मासिकं छापत नाहीत म्हणून मुंबईतल्या तरुण कवींनी सायक्लोस्टाइल करून लघुनियतकालिकं काढली होती. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण जात एकच आहे. संपादकाच्या होकाराची वाट न पाहता शाई हाताला लागू द्यायची. वॉशिंग्टनची पोरं याला 'डू इट युवरसेल्फ', म्हणजे 'स्वतः करा', म्हणायची. हा शब्द आज फर्निचर जोडण्याच्या जाहिरातींतही येतो, पण त्याचा मूळ कस त्या गोंदाच्या बाटलीत आहे.

बँड तीन वर्षं, रेकॉर्ड चार

टीन आयडल्स संपताच इअन गायला उभा राहिला, जेफ ड्रमवर तसाच, गिटारवर लायल प्रेस्लर, बेसवर ब्रायन बेकर. हा मायनर थ्रेट. १९८१मध्ये दोन छोट्या रेकॉर्ड आल्या. मध्येच प्रेस्लर विद्यापीठात शिकायला गेला आणि बँड थांबला, तो पुढच्या वर्षी परतल्यावर पुन्हा सुरू झाला. १९८३मध्ये 'आउट ऑफ स्टेप' ही थोडी मोठी रेकॉर्ड. तिच्या मुखपृष्ठावर सिंथिया कॉनलीनं काढलेलं चित्र आहे: पांढऱ्या मेंढ्यांचा कळप एका दिशेला, आणि एक काळं मेंढरू उडी मारून दुसरीकडेच निघालेलं. मग बँडमध्येच सूर जुळेनात. काहींना गाणी जरा मोठी, गोड, जास्त लोकांपर्यंत पोचणारी करायची होती, इअनला नव्हती. २३ सप्टेंबर १९८३ला शेवटचा कार्यक्रम झाला. त्या संध्याकाळी त्यांच्यासोबत ट्रबल फंक हा वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या गो-गो संगीताचा बँड होता. गोऱ्या पोरांचं पंक आणि काळ्या वस्तीचं गो-गो एका मंचावर, असं त्या शहरात सहसा घडत नसे. शेवटची तीन गाणी १९८५मध्ये रेकॉर्डवर आली. संपलं.

माळ आणि फुली

'स्ट्रेट एज' म्हणजे शब्दशः सरळ कड, पट्टीला असते तशी. एज या शब्दाला वरचढपणा असाही अर्थ आहे. गाण्याचा मथितार्थ एवढाच, की बसून डोकं बधिर करण्यापेक्षा मला करण्यासारखं बरंच काही आहे, आणि शुद्धीत असणं हीच माझी ताकद. रॉक संगीतात नशा म्हणजे बंडखोरी, असं वीस वर्षं चाललं होतं. या मुलानं ते उलटं केलं. सगळेच पितात तिथे न पिणारा तो खरा बंडखोर.

ताईला मी म्हटलं, आपल्याकडे माळकरी असतो ना, तसं समज. गळ्यात तुळशीची माळ पडली की चारचौघांत ती दिसते. मग कोणी आग्रह करत नाही, आणि स्वतःलाही आठवण राहते. फुली तेच काम करते. पार्टीत दहा वेळा "नको" म्हणण्यापेक्षा हातच बोलतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला ही किती मोठी सोय आहे, हे ज्यानं होस्टेलमध्ये दिवस काढलेत त्याला विचारावं. मी काढलेत. "एक घोट घे रे, मरत नाहीस" हे वाक्य मी ज्या रात्री पहिल्यांदा परतवलं, त्या रात्री मला खोलीत एकटं वाटलं होतं. आणि त्याच आठवड्यात ती कॅसेट हाती आली होती.

फरक असा की माळेमागे परंपरा असते, फड असतो, वडीलधारे असतात. फुलीमागे कोणी नव्हतं. सेहेचाळीस सेकंदांचं गाणं आणि पेन.

"मग हा पंथच झाला की!"

ताईचा दुसरा आक्षेप, आणि तो खरा ठरलेला आहे. १९८०च्या दशकातच बोस्टनच्या काही मुलांनी हे फार कडक घेतलं. दुसऱ्याच्या हातातली बिअर उडवणं वगैरे प्रकार झाले. पुढे न्यूयॉर्कच्या यूथ ऑफ टुडेनं यात शाकाहार आणला, आणि सिराक्यूसच्या अर्थ क्रायसिसनं प्राण्यांपासूनची कुठलीच वस्तू न वापरण्याचा आग्रह. १९९०च्या दशकात युटातल्या सॉल्ट लेक सिटीत काही गट मारामाऱ्या करू लागले, इतके की पोलीस त्यांना टोळी समजू लागले.

पण मायनर थ्रेटमध्ये हाच वाद आधीच होऊन गेला होता. 'आउट ऑफ स्टेप' या गाण्यात आपण काय काय करत नाही याची तीन कलमी यादी आहे. ड्रमवाल्या जेफला ती आज्ञेसारखी वाटली. त्याचं म्हणणं, त्यात "मी" हा शब्द स्पष्ट आला पाहिजे, नाहीतर लोक नियम समजतील. म्हणून १९८३मध्ये गाणं पुन्हा भरताना एक वेगळीच गोष्ट केली. मधे इअन गायचं थांबतो आणि साध्या बोलण्याच्या आवाजात सांगतो, की हे नियम नाहीत, तुम्ही काय करावं हे मी सांगत नाहीये. मागे वाद्यं चालूच. मग गाणं पुन्हा सुटतं.

मी या क्षणापाशी दर वेळी थबकतो. आपल्याच सगळ्यात लोकप्रिय ओळींवर, त्याच गाण्यात, स्वतःच खुलासा करणं. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना कळलं होतं की समोरचे लोक आपल्या शब्दांचा दंडा करू शकतात. तरीही लोकांनी दंडा केला, आणि त्या खुलाशाचा उपयोग किती झाला असा प्रश्न कोणी विचारला तर मी गप्प बसेन. पण भाच्याला मी पहिल्यांदा तेच गाणं ऐकवलं, आणि तो मधला भाग दोनदा.

या धाग्याचं एक टोक भारतातही येतं. यूथ ऑफ टुडेचा गायक रे कापो पुढे कृष्णभक्त झाला आणि शेल्टर नावाचा बँड काढून त्यानं हार्डकोरमध्येच भक्तीची गाणी म्हटली. दारू-मांस सोडल्यावर आणखी काय, हा प्रश्न त्याला तिकडे घेऊन गेला असावा असं मला वाटतं.

एक गाणं, ज्याची बाजू घेता येत नाही

मायनर थ्रेटवर लिहायचं आणि 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' टाळायचं, हे बरोबर नाही. इअन ज्या शाळेत शिकला तिथे कृष्णवर्णीय मुलं बहुसंख्य होती, आणि गुलामगिरीच्या इतिहासाचा राग आपल्यावर निघतो असं त्याला वाटायचं. आपण वर्णद्वेषाच्या विरोधात बोलत होतो, माणसाला कातडीवरून दोषी धरू नका एवढंच म्हणायचं होतं, असं तो पुढे सांगत राहिला. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याचे आदर्श बॅड ब्रेन्स होते, मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम ट्रबल फंकबरोबर झाला. पण गाणं दुबळं आहे. शाळेच्या आवारात गोरा मुलगा अल्पसंख्य असेल, आवाराबाहेरच्या देशात तो नव्हता, आणि एवढा मोठा इतिहास मिनिटभराच्या तक्रारीत मावत नाही. गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ते आपलं म्हणून उचललं. १९९६मध्ये स्लेअर या मेटल बँडनं ते गाताना शेवटच्या शब्दात असा बदल केला की उरलासुरला बचावही गेला, आणि इअनला ते फार लागलं. वेगानं म्हटलेल्या गोष्टीची ही किंमत आहे. हार्डकोरचा गुण आणि दोष एकाच जागी राहतात.

पैसे कुठे गेले

ताई बँकेत होती, त्यामुळे तिसरा प्रश्न हाच. "एवढं नाव झालं, मग मोठ्या कंपनीकडे का गेले नाहीत? पैसा काय वाईट असतो?"

मोठी रेकॉर्ड कंपनी कलाकाराला करार करताना आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम देतो तशी ती उचल असते. स्टुडिओचा खर्च, पुष्कळदा प्रसिद्धीचाही, कलाकाराच्या वाट्यातून वळता होतो. उचल फिटेपर्यंत हातात काही येत नाही आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडे राहते. म्हणून लाखो प्रती खपलेले बँडही कर्जात दिसतात.

डिस्कॉर्डचा हिशोब एका वहीत मावेल असा. फक्त वॉशिंग्टनच्या परिसरातले बँड घ्यायचे. लेखी करार नाही. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा. किंमत कमी ठेवायची. १९८१पासून सुरुवातीची काही वर्षं आर्लिंग्टनमधलं भाड्याचं एक घर हेच कार्यालय, तालमीची जागा आणि राहण्याची खोली होती. ताईनं हे ऐकून विचारलं, "आणि चालतं?" चाळीस वर्षांहून जास्त काळ चाललंय. श्रीमंत कोणी झालं नाही, बुडालंही कोणी नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे, तोही सांगतो. ही बहुतेक मुलं मध्यमवर्गीय घरांतली होती. पाठीशी घर असलं की तत्त्व पाळणं सोपं जातं. हे मान्यच करायला हवं. पण पाठीशी घर असलेली लाखो मुलं असतात, आणि त्यातली फार थोडी पुढच्या बँडसाठी पैसे राखून ठेवतात.

२००५मध्ये नायकेनं स्केटबोर्डिंगच्या एका दौऱ्याच्या पोस्टरसाठी मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल केली. पायऱ्यांवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला, केस भादरलेला मुलगा. तो इअनचा धाकटा भाऊ आहे. पोस्टरवर त्याच्या पायांत कंपनीचे बूट आले आणि वर नाव, 'मेजर थ्रेट'. विचारलंही नव्हतं. जगभरच्या चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. बावीस वर्षांपूर्वी संपलेल्या बँडसाठी लोक असे उभे राहिले, कारण त्या मुखपृष्ठाची घडी कोणाच्या हातानं घातली होती हे त्यांना माहीत होतं.

पाच डॉलरचं पाकीट

इअन मकाय पुढे फुगाझी या बँडमध्ये आला, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तिथे आहे. १९८७ ते २००३ एवढ्या काळात त्यांनी हजारावर कार्यक्रम केले. तिकीट शक्यतो पाच डॉलर. सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश. टी-शर्ट विकायचे नाहीत. जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात ते कडाक्याच्या थंडीत व्हाइट हाउससमोर वाजले.

त्यांची एक पद्धत मला फार भावते. हार्डकोरच्या गर्दीत लोक एकमेकांना धक्के देत नाचतात. पडलेल्याला उचलायचं ही त्यातली रीत, पण काही जण मारायलाच येतात. फुगाझी अशा वेळी गाणं थांबवत. त्या माणसाला नीट समजावून सांगत. नाहीच ऐकलं तर त्याच्या हातात एक पाकीट देत, त्यात पाच डॉलरची नोट. तुझे पैसे परत, आता बाहेर जा. अशी पाकिटं आधीच भरून तयार असायची. कोणाला मारायचं नाही, कोणाचे पैसे बुडवायचे नाहीत, आणि पुढे उभ्या असलेल्या बारीक चणीच्या मुलीला चेंगरू द्यायचं नाही. हे तिन्ही एका पाकिटात.

मुली कुठे होत्या?

सुरुवातीच्या फोटोंत दिसतात ती बहुतेक पोरंच. शर्ट काढलेली, घामेजलेली. मुली होत्या, पण कॅमेऱ्यामागे, कुंचल्यामागे, किंवा पोरांचे कोट सांभाळत. चॉक सर्कल हा वॉशिंग्टनचा पहिला फक्त मुलींचा पंक बँड १९८१मध्येच उभा राहिला, पण त्याची आठवण फार उशिरा निघाली. १९९०च्या सुमारास मुलींनी हा हिशोब मांडला. बिकिनी किल हा बँड पश्चिम किनाऱ्यावरून वॉशिंग्टनला येऊन राहिला, त्यांची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलवायची आणि पोरांना मागे सरकायला लावायची. झेरॉक्स करून काढलेल्या पुस्तिका, कमी तिकीट, स्वतःची बैठक, ही हत्यारं हार्डकोरमधूनच आलेली. त्यांची पहिली छोटी रेकॉर्ड बरीचशी इनर इअरमध्येच झाली, आणि ती ध्वनिमुद्रित करायला बसला होता इअन मकाय. ही चळवळ रायट गर्ल म्हणून ओळखली जाते.

पुढे कुठवर गेलं

डेव्ह ग्रोल हा मुलगा वॉशिंग्टनच्या उपनगरात वाढला, डिस्कॉर्डच्या स्क्रीम या बँडमध्ये ड्रम वाजवत होता, तो बँड थांबल्यावर निर्वाणा या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बँडमध्ये गेला. १९९१नंतर जगानं जो ड्रम ऐकला त्यात हे तळघर आहे. इअनचा बालमित्र हेन्री रोलिन्स आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी सोडून ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला. रेज अगेन्स्ट द मशीननं २०००मध्ये मायनर थ्रेटचं एक गाणं गायलं. आपल्याकडे मुंबईच्या स्क्राइबनं हार्डकोर आणि मेटल घेऊन त्यात हिंदी सिनेमाचे खलनायक आणून बसवले, आणि ऐकणाऱ्याला ते परकं वाटेना. भाचा ज्या कार्यक्रमाला गेला होता तिथले बँड याच्याही नंतरचे. त्यातल्या कित्येकांनी मायनर थ्रेट ऐकलेलंही नसेल. हॉल भाड्यानं घ्यायचा, वर्गणी काढायची, दारात स्वतः बसायचं, एवढं मात्र त्यांना येतं.

दिवाळीत मी ताईकडे गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर फराळाचे डबे बाजूला सारलेले होते. भाच्याचा एक मित्र बँडमध्ये आहे. गाणी इंटरनेटवरच आहेत, पण कार्यक्रमात लोकांच्या हातात द्यायला आठ पानी पुस्तिका हवी होती, गाण्यांचे शब्द छापलेली. झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन पोरं घड्या घालत बसली होती आणि कडा वाकड्या येत होत्या. ताई थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं खुर्ची ओढली, एक कागद घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि हातातल्या बांगडीनं घडीवरून करकचून ओढ दिली. घडी सुरीसारखी पडली. "अशी," ती म्हणाली. भाच्याच्या हातावर आदल्या रात्रीची फुली अजून पुसट होती. तिनं ती पाहिली, काही बोलली नाही, आणि पुढचा कागद घेतला. रात्री साडेअकराला मी झोपायला उठलो तेव्हा ती विचारत होती, शंभर झाल्या, अजून किती करायच्यात?